चौदा दिवस गैरहजर

आमच्या घरात शाळा सुरू झाली त्या दिवशी पहिलं भांडण घंटेवरून झालं. बाबांचं म्हणणं, घंटा हवीच, नाहीतर तिला शाळा कोण म्हणणार? आईचं म्हणणं, घर दोन खोल्यांचं आहे, ताटलीवर चमचा वाजवला तरी पुरे. शेवटी बाबांनी त्यांच्या सुतारकामाच्या कारखान्यातून एक लोखंडी पट्टी आणली, दाराच्या चौकटीला तारेनं टांगली आणि हातोडीनं असा टोला हाणला की खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका गळ्यातल्या टेपसकट बाहेर आले.

"काय पडलं रे?"

"काही पडलं नाही काका, शाळा भरली!" मी वरून ओरडले.

"कुठे?"

"आमच्याकडे!"

"कुणाची?"

"बटणची!"

काकांनी मान वर करून आमच्या दाराकडे बघितलं आणि मग ते आत गेले. त्यांना काही कळलं नसणार. त्यात त्यांची काय चूक? आम्हालाही कुठे कळलं होतं!

बटण म्हणजे माझी धाकटी बहीण, वय वर्षं आठ. नाव वेगळं आहे, पण ते फक्त रेशनवर आणि दाखल्यावर. बटण घरात बोलते, आणि बोलते म्हणजे नळ उघडा राहिल्यासारखी बोलते. मुंगी टेबलावरून पडली तर तिला लागतं का? आपण झोपल्यावर आपली जीभ कुठे ठेवतो? बाबा लहान असताना मी कुठे होते, आणि मला कुणी सांगितलं का नाही? उत्तर मिळालं नाही तरी तिचं अडत नाही, ती पुढच्या प्रश्नाला लागते. आणि हीच बटण शाळेत दीड वर्षात एक शब्द बोलली नव्हती. एकही नाही. वहीत सगळं बरोबर लिहायची, बाईंनी काही आणायला सांगितलं तर आणून द्यायची, पण तोंड बंद. एकदा तिला पोटात दुखत होतं तर तेही तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहून बाईंना दाखवलं, आणि वर 'कृपया' लिहिलं.

आई दवाखान्यात नर्स आहे. त्यामुळे कान, घसा, जीभ, डोकं, जे जे तपासता येतं ते सगळं तपासून झालं. सगळं ठणठणीत. त्या दिवशी घरी परत येताना बटण जिन्याच्या पहिल्या पायरीपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत डॉक्टरांच्या नाकातल्या केसांबद्दल बोलत होती.

मग आईनं ठरवलं, हिला मी घरी शिकवणार. तिची ड्युटी दुपारी दोनला सुरू होते, माझी शाळा साडेबाराला, म्हणजे सकाळ मोकळी. शिक्षण कार्यालयाचं पत्र आलं की शिकवा, पण शिकवण्याच्या पंधराव्या दिवशी आमच्याकडून कुणीतरी पाहायला येईल. ठीक वाटलं तर घरी राहू दे. नाही वाटलं तर लगेचच्या सोमवारपासून तीच शाळा, तोच वर्ग, तोच बाक. तोवर तिची जागा राखून ठेवली होती. बटणनं ते पत्र स्वतः वाचलं, दोनदा. मग मला विचारलं, "ताई, राखून ठेवलेली जागा हरवू शकते का?"

"नाही गं."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

ती फार नाराज झाली.

तर शाळा. आता आमच्या घरचे लोक एखादं काम हातात घेतलं की ते अर्धवट करत नाहीत, हाच तर सगळा घोळ आहे. बाबांनी बाक बनवला. साधा नाही, खाली दप्तराचा कप्पा, वर पेन्सिलची खाच, पाय ठेवायला आडवी पट्टी. फळा बनवला. खोलीच्या मधोमध लाकडी पडदा उभा केला आणि त्याला एक दार बसवलं, कारण वर्गाला दार लागतं. त्या दारातून गेलं काय आणि पडद्याला वळसा घालून गेलं काय, माणूस एकाच ठिकाणी पोचतो, पण वळसा घालायला बंदी होती. आईनं वेळापत्रक लावलं. आणि कागदाच्या दुकानातून एक हजेरीपट आणला, एका पानावर चाळीस नावं मावतील एवढा. पहिल्या ओळीत बटणचं नाव. खालच्या एकोणचाळीस ओळी रिकाम्या.

"आणि हे बघ," आई म्हणाली, "नऊ ते बारा मी आई नाही. मला बाई म्हणायचं."

"मी पण?" मी विचारलं.

"सगळ्यांनी."

"मी पण?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही कारखान्यात जा."

नवाचा टोला पडला. त्या वेळी बटण मला एका गोगलगायीची गोष्ट सांगत होती. गोगलगाय भिंतीवर चढली, वर तिला दुसरी गोगलगाय भेटली, "आणि ती म्हणाली की..." टण्! बटण थांबली. दारातून आत गेली, बाकावर बसली, हात मांडीवर ठेवले.

"एक नंबर," आई म्हणाली.

गप्प.

"एक नंबर?"

बटणनं समोर बघितलं. चेहरा अगदी कोरा. मी शाळेतला तिचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. आता पाहिला, आमच्याच खोलीत, आमच्याच खिडकीखाली.

आईनं पेन उघडलं आणि 'गै' लिहिलं.

"अगं आई, काय करतेस! ती समोर बसलीये!"

"बाई म्हण."

"अहो बाई, ती समोर बसलीये!"

"ती 'हजर' म्हणाली का?"

"नाही, पण..."

"मग?"

"मग काय मग! नाक दिसतंय तिचं! दोन कान दिसतायत!"

आईनं माझ्याकडे अशी नजर टाकली की वॉर्डमधले रुग्ण एका घोटात औषध का पितात ते मला समजलं. "न दिलेल्या गोळीपुढे मी आजवर सही केलेली नाही," ती म्हणाली, "आणि करणारही नाही. जे झालं नाही ते मी झालं म्हणून लिहीत नाही."

आता ह्यावर काय बोलणार? मुद्दा चुकीचा आहे हे मला दिसत होतं, पण नेमका कुठे चुकतोय ते सापडत नव्हतं. आणि मी काही ऐरीगैरी बोलणारी नाही. ह्या वर्षी वादविवाद स्पर्धेत पाच शाळांना हरवून आलेय, तेव्हापासून बाबा मला भोंगा म्हणतात. भोंग्याला उत्तर सुचू नये म्हणजे कमाल झाली.

बाराचा टोला पडला. बटण उठली, दारातून बाहेर आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "...की इथे खूप उकडतंय, आपण खाली जाऊ या. मग त्या दोघी खाली गेल्या."

गोगलगायी. तीन तासांनी. जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आईच्या चेहऱ्यावर एक रेघ आली जी आधी नव्हती. ती वर्गाची रोजची नोंदवही लिहायची, पण लिहिण्याची सवय वॉर्डमधली. मी चोरून वाचली तर त्यात असं:

'९.०० – मूल शांत. ९.२० – गणित, दहापैकी दहा. बोलणं नाही. ९.४० – पेन्सिल चावली. ताप नाही. १०.०५ – पाणी अर्धा पेला. १०.३० – धडा वाचायला सांगितला. ओठ हलले. आवाज नाही. १०.४५ – लघवीला जाऊन आली. १२.०० – घंटा. बोलणं सुरू, थांबत नाही.'

आठव्या दिवशी मी ठरवलं की पुरे झालं, आता हे प्रकरण आपण हातात घ्यायचं. आईला म्हटलं, आजचा दिवस मी बाई. आईनं एक सुस्कारा टाकला आणि खडू माझ्या हातात दिला. मी तर तयारी करूनच आले होते. आवाज कसा फेकायचा, श्वास कुठे घ्यायचा, समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून कसं बोलायचं. "बटण, माझ्याकडे बघ. माझ्या डोळ्यांत बघ. आता म्हण, 'माझं नाव...' बरं, ते राहू दे. म्हण, 'आज...' नको? बरं, मी विचारते, पाण्याची वाफ कशी होते? पाणी तापलं की? पाणी तापलं की काय होतं? वाफ होते! शाब्बास!"

प्रश्न मी विचारला, उत्तर मी दिलं, शाब्बास मीच म्हटलं. दोन तास. माझा घसा बसला. पडद्यामागून आई म्हणाली, "गुळण्या कर."

बारा वाजता बटण माझ्याजवळ आली आणि माझा हात धरला. "ताई, तू दमलीस?"

"हो."

"मग एवढं कशाला बोललीस?"

मी कपाळावर हात मारला. "अगं बाई माझे, तू बोलावंस म्हणून! का गं नाही बोलत तू वर्गात?"

"बोलते की."

"कधी?"

"आत."

"आत म्हणजे कुठे?"

"आत," ती म्हणाली, आणि मी इतकी साधी गोष्ट विचारतेय ह्याचं तिला खरंच आश्चर्य वाटलं. मग ती खिडकीतून खाली वाळत घातलेले मोजे मोजायला गेली.

रविवारी जेवताना बाबांनी विषय काढला. "घंटा काढून टाकू का?"

"मग सुरू झालं हे कसं कळणार?" आई म्हणाली.

"मग बाक काढू का?"

"मग बसणार कुठे?"

"मग..." बाबांनी घास तसाच हातात धरला. त्यांनी तो बाक चार दिवस घासून गुळगुळीत केला होता. "मग नेमकं काय काढायचं ते तरी सांग."

"मला कळत असतं तर मी सांगितलं नसतं?" आईचा आवाज एकदम चढला आणि लगेच उतरला. "दाखवून दाखवून शिकवलं, ओरडले नाही, मारलं नाही, समोर बसले, सारखं तिच्याकडे लक्ष ठेवलं. एक क्षण नजर हलवली नाही मी तिच्यावरून. तरी तिथे होतं तेच इथे. मग तिथून काढलं कशाला?"

बटण पाण्याच्या पेल्यातून आमच्या सगळ्यांकडे एकेक करून बघत होती आणि म्हणत होती, "बाबा जाडे. आई जाडी. ताई सगळ्यात जाडी."

पंधरावा दिवस उजाडला. बाबा अकराला येतो म्हणून गेले होते. कुठल्याशा घराचं दार बसवायचं होतं. मी शाळेतून सुट्टी घेतली होती, कारण मॅडम दुपारपर्यंत थांबल्या तर घरात एक तरी बोलणारं माणूस हवं ना! मी तर मनातल्या मनात छोटं भाषणही तयार ठेवलं होतं.

शिक्षण कार्यालयातल्या मॅडम बरोबर साडेदहाला आल्या. पन्नाशीच्या, चष्मा साखळीला लावलेला, जिने चढून धापा टाकत. आईनं पाणी दिलं. त्यांनी पडद्याला वळसा घालून वर्गात प्रवेश केला. बटणचे डोळे विस्फारले, पण ती काही बोलली नाही, नऊ वाजून गेले होते.

त्यांनी वह्या पाहिल्या. "अक्षर सुरेख आहे." गणितं पाहिली. "छान." फळ्यावरून, बाकावरून हात फिरवला. "कुणी केलं हे? वा!" माझा जीव भांड्यात पडला. आणि मग त्यांनी हजेरीपट उघडला.

पान बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"चौदा दिवस," त्या म्हणाल्या, "आणि चौदाही दिवस गैरहजर?"

आई म्हणाली, "हो."

"मुलगी कुठे होती?"

"इथेच."

"इथे म्हणजे?"

"ह्या बाकावर."

मॅडम बाकाकडे बघायला लागल्या. बटण बाकावर होती. मॅडमनी हजेरीपटाकडे पाहिलं, परत बटणकडे. "ती आज हजर आहे?"

"अजून... नाही," आई म्हणाली.

"बाई, मला समजत नाहीये," मॅडम म्हणाल्या. आवाज वाईट नव्हता, खरंच गोंधळलेला होता. "हे मी वर कसं दाखवू? माझ्यासमोर बसलेल्या मुलीला तिची आईच गैरहजर म्हणते. का? मला नीट सांगा. आणि तुम्ही तिला घरी नेमकं कशासाठी ठेवलंय, तेही सांगा. ह्यावरच सगळं ठरायचंय." त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि आईच्या तोंडाकडे बघत थांबल्या.

आईनं तोंड उघडलं.

काहीच आलं नाही.

मी आईला मध्यरात्री रुग्णांच्या नातेवाइकांशी, मोठ्या डॉक्टरांशी, एकदा तर दारू पिऊन आलेल्या माणसाशी बोलताना ऐकलंय. पण आता तिचे ओठ हलले आणि आवाजच नाही. तिनं परत प्रयत्न केला. तिची मान लाल झाली. मॅडम अजून बघत होत्या. मीही बघत होते. मग माझ्यातला भोंगा उठलाच. "मॅडम, मी सांगते, त्याचं असं आहे की..."

"तू नाही बाळा. मी आईंना विचारलंय."

घड्याळ टकटक करत होतं. सोमवार, मी मनात म्हटलं. संपलं. सोमवारपासून तोच बाक.

"बघू नका तिच्याकडे."

मला आधी कळलंच नाही कोण बोललं. आवाज ओळखीचा होता, पण ह्या खोलीत, ह्या वेळी तो मी कधी ऐकला नव्हता. बटण बाकावर उभी होती.

"बघू नका," ती मॅडमना म्हणाली. आवाज बारीक होता आणि थरथरत होता. "तिला येतं सगळं. पण बघितलं की बाहेर येत नाही. तुम्ही तिकडे बघा. म्हणजे ती बोलेल."

मॅडमचं पेन हवेतच राहिलं. मग त्या उठल्या, खिडकीशी गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"ताई, तू पण."

मी भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर वेळापत्रक होतं. ते मी एवढ्या जवळून कधी वाचलं नव्हतं. दहा ते साडेदहा, प्रकट वाचन.

मागे वळून बघायची मला एवढी हुक्की येत होती की मी मूठ आवळली. मग आईचा आवाज आला, बसलेला, आधी तुटक.

"मी... तिला तिकडून उठवून इथे आणलं. मला वाटलं तेवढं पुरे. बाकी सगळं मी तसंच केलं, घंटा, बाक, हजेरी. मला दुसरं काही माहीतच नव्हतं. शाळा म्हणजे हेच, एवढंच माहीत. मी तिच्यासमोर बसायचे आणि तिच्या तोंडाकडे बघत राहायचे, आता बोलेल, आता बोलेल..." ती थांबली. "मी वॉर्डात चूक लिहीत नाही हो. आणि स्वतःच्या मुलीला चौदा दिवस लिहिलं की ती नाहीये. ती माझ्यासमोर बसून सगळी गणितं बरोबर सोडवत होती."

"पुढे?" मॅडम खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या.

"पुढे मला माहीत नाही," आई म्हणाली. "खरंच माहीत नाही. कसं शिकवतात घरी, ते मला अजून कळलेलं नाही. पण तिला परत तिथे नका पाठवू. मला थोडे दिवस द्या."

तेवढ्यात दार उघडलं आणि, मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, बाबा घामाघूम होऊन आत आले, अंगभर लाकडाचा भुसा. त्यांना काय दिसलं असेल? एक अनोळखी बाई खिडकीकडे तोंड करून, थोरली मुलगी भिंतीकडे तोंड करून, बायको डोळे पुसतेय आणि धाकटी बाकावर उभी.

"काय झालं? कोण कुणावर रुसलंय?"

"शू! बाबा, तुम्ही दाराकडे बघा," बटण म्हणाली. "आईचं संपलेलं नाहीये."

आणि माझे बाबा, ज्यांना कुठलीही गोष्ट दोनदा समजावून सांगावी लागते, गपचूप वळले आणि ज्यातून आत आले त्याच दाराकडे तोंड करून उभे राहिले.

"झालं माझं," आई हळूच म्हणाली.

"बरं," मॅडम म्हणाल्या, वळल्या मात्र नाहीत. खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून त्या काहीतरी लिहायला लागल्या. "तीन महिने लिहितेय. तीन महिन्यांनी मी परत येईन. आणि मुलीला मला काही सांगायचंय का?"

आईही फळ्याकडे वळल्याचं मला ऐकू आलं; आता आम्ही चौघं चार दिशांना बघत होतो.

"आहे," मागून बटणचा आवाज आला. "पण ते फार मोठं आहे."

"मला वेळ आहे," मॅडम म्हणाल्या, आणि खिडकीचं दार जरा आणखी उघडून त्यांनी कोपरं कट्ट्यावर टेकवली.